सहा टक्क्यांचा भागीदार आणि पेडण्याची माती : कोकण रेल्वेचं एक प्रकरण

प्रकल्प व्यवस्थापनाचा वर्ग सुरू झाला की मी फळ्यावर पाच आकडे लिहितो : ५१, २२, १५, ६, ६. एका कंपनीतल्या भागीदारांची ही टक्केवारी आहे, एवढंच सांगतो आणि विचारतो, यातला कोण प्रकल्प अडवू शकेल? समोर बसलेले बरेचसे आयटीतले, थोडे बांधकामातले, एखाददुसरा औषध कंपनीतला. हात वर होतात ते एक्कावन्नसाठी. एखादी चलाख मुलगी म्हणते, बावीस आणि पंधरा एकत्र आले तर. सहाकडे कुणी बघत नाही.

ही कंपनी म्हणजे कोकण रेल्वे महामंडळ, स्थापना १९ जुलै १९९०. तेव्हा एक्कावन्न टक्के रेल्वे मंत्रालयाचे, बावीस महाराष्ट्राचे, पंधरा कर्नाटकाचे, सहा गोव्याचे, सहा केरळचे. केरळात या मार्गाचा एक मीटर रूळही नाही, तरी त्यांनी पैसे घातले, कारण मुंबईहून गावी जाणाऱ्या मल्याळी माणसाचा मोठा वळसा वाचणार होता. आणि काम अडलं ते दुसऱ्या सहाकडे, गोव्यात. तेही गोवा सरकारने अडवलं नाही. गोव्याने अडवलं. या दोन वाक्यांतला फरक ज्याला उमगला त्याला पुढचं प्रकरण अर्धं कळलं.

कोकण रेल्वे सहसा महामंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ई. श्रीधरन यांची यशोगाथा म्हणून शिकवतात. ती आहेच. पण यशोगाथेतून प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाती फार काही लागत नाही, फार तर फोटो भिंतीला लावावासा वाटतो. त्यांची पद्धत कुठे लागू पडली आणि कुठे पडली नाही, हे पाहिलं तर उद्या ऑफिसात उपयोगी पडेल असं काहीतरी मिळतं.

आधीची परिस्थिती

कोकणाला रेल्वे हवी ही मागणी जुनी. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी आयुष्य घातलं, नाथ पै आणि मधु दंडवते संसदेत बोलत राहिले. दिव्याहून निघालेला फाटा पनवेल-आपटा करत रोह्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे सह्याद्रीचे सुळके, खाड्या आणि पाऊस. आणि रेल्वेच्या अर्थसंकल्पात पैसा नाही.

१९८९ च्या अखेरीस योग जुळून आला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे. अर्थमंत्री मधु दंडवते, राजापूरचे खासदार. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. तिघांचीही नाळ याच किनाऱ्याला जोडलेली. अर्थसंकल्पातून पैसे मिळायचे नाहीत, तर वेगळी कंपनी काढू, राज्यांना भागीदार करू, बाकीची रक्कम रोख्यांतून उभारू, असं ठरलं. रेल्वे बोर्डातून नुकतेच निवृत्त झालेले श्रीधरन अध्यक्ष झाले. रोहा ते मंगळूर साधारण ७६० किलोमीटर, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, नव्वदवर बोगदे. मुदत पाच वर्षं. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला भूमिपूजन झालं.

दोन महिने उलटायच्या आत व्ही. पी. सिंग सरकार पडलं. फर्नांडिस गेले, दंडवते गेले.

वर्गात मी इथे थांबतो. प्रकल्पाला पहिला धक्का बसला तो गोव्यात किंवा डोंगरात नव्हे, दिल्लीत. ज्यांच्या खांद्यावर बसून काम मंजूर झालं ते खांदेच नाहीसे झाले. पुढच्या वर्षी देशाची परकीय गंगाजळी आटली, सोनं गहाण पडलं. अशा दिवसांत रोखे विकून रेल्वे बांधायची म्हणजे चढ्या व्याजाने घर बांधण्यासारखं. हप्ता सुरू, आणि भिंती अजून जोत्यावर. रोजच्या उशिराला किंमत होती, आणि ती रोज चढत होती. श्रीधरन तारखेमागे एवढे हात धुऊन का लागले होते याचं कारण स्वभावात शोधण्याआधी या व्याजात शोधावं.

बेचाळीस हजार दारं

मार्गाचे सात विभाग केले : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येकी सुमारे शंभर किलोमीटर आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. निर्णय बेलापूरच्या मुख्यालयात फाइल पाठवून नव्हे, तर जागेवर व्हावेत अशी मांडणी. जमीन घ्यायची होती सुमारे बेचाळीस हजार मालकांकडून.

कोकणातली जमीन ज्याने पाहिली नाही त्याला हा आकडा नुसता मोठा वाटेल. ज्याने पाहिली आहे त्याच्या अंगावर काटा येईल. दीड गुंठ्याच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर तीस-तीस नावं. त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारसनोंद झालेली नाही. उरलेल्यांतले चौघे लालबाग-परळला, एक बडोद्याला, एकाचं वीस वर्षांत पत्र नाही. जागेत तीन कलमं, एक फणस, काजूची रांग, आणि कोपऱ्यात राखणदाराचं ठिकाण, जिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

तरी महाराष्ट्र आणि कर्नाटकातलं भूसंपादन साधारण वर्षभरात उरकलं. आजही एखाद्या महामार्गाचं भूसंपादन वर्षभरात आटोपल्याचं सांगितलं तर महसूल खात्यातला माणूस हसेल.

माझ्या आजोळची चार गुंठे जमीन या मार्गात गेली. मोबदल्यावर बोलणं दोन बैठकांत संपलं, असं मामा सांगायचा. आजोबा अडून बसले ते दुसऱ्याच गोष्टीवर : खळं रुळाच्या अलीकडे आणि शेत पलीकडे, तर बैल न्यायचे कुठून? आलेला अभियंता पंचविशीतला पोरगा. त्याने ओटीवर बसून सिगारेटच्या पाकिटाच्या मागे भरावाचं चित्र काढलं आणि त्यात एक चौकोन काढला. इथे मोरी ठेवू, म्हणाला, पाणीही जाईल आणि बैलही. आजोबांनी विचारलं, तुझा साहेब ऐकेल? तो म्हणाला, मोरी मीच ठरवतो. आजोबांनी अंगठा दिला.

मोरी आजही आहे. बैल नाहीत.

या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस म्हणजे तो पोरगा. लोकांशी बोलायला पाठवलेल्या माणसाच्या हातात काहीतरी द्यायचा अधिकार असला तरच बोलणं पुढे सरकतं. "वरती कळवतो" हे वाक्य गावाने पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत हजारदा ऐकलेलं असतं. आपल्याकडे कंपन्या क्लायंटच्या बैठकीला कुणाला पाठवतात? ज्याला एका दिवसाची मुदतवाढही स्वतःच्या जबाबदारीवर देता येत नाही त्याला. मग बैठकीवर बैठक होत राहते.

पण हेही खरं, की आजोबांचा प्रश्न सुटण्यासारखा होता. रेल्वे यावी असं त्यांना स्वतःलाच वाटत होतं. मुंबईला जाणाऱ्या एस्टीत रात्रभर पाय दुमडून बसलेल्या पिढीला रेल्वे का, हे समजावायला लागत नव्हतं. किती मिळणार, बैल कुठून, स्टेशन कुठे, यांची उत्तरं रुपयांत, मोरीत आणि नकाशात देता येतात. महामंडळाची यंत्रणा अशा प्रश्नांसाठीच घडली होती, आणि त्या कामात ती फार तरबेज होती.

गोव्यात

गोव्यातला मार्ग १०५ किलोमीटर. संपूर्ण लांबीच्या सातव्या हिश्श्याहून कमी.

गोव्याला रेल्वे नवीन नव्हती. मुरगावहून लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग पोर्तुगिजांच्या काळापासून होता. तो पूर्व-पश्चिम, बंदराकडून घाटाकडे जाणारा. नवा मार्ग उत्तर-दक्षिण होता आणि गोव्याच्या दाट वस्तीच्या पट्ट्यातून, पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव असा जाणार होता. तो महाराष्ट्रातून आत येत होता, आणि ही भौगोलिक बाब गोव्यात नुसती भौगोलिक राहत नाही. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाकारलं होतं. भाषेच्या आंदोलनाच्या जखमा ताज्या होत्या. घटक राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ ला, म्हणजे महामंडळ स्थापन झालं तेव्हा हे राज्य तीन वर्षांचं होतं. नुकतंच स्वतःचं दार बसवलेल्या घरात शेजारी येऊन म्हणाला, तुमच्या माजघरातून वाट काढतो, तुमच्याच भल्यासाठी.

समोर बोलायला कोण होतं? १९९० या एका वर्षात गोव्याने प्रतापसिंह राणे, चर्चिल आलेमाव आणि लुईस प्रोतो बार्बोझा असे तीन मुख्यमंत्री पाहिले, आणि डिसेंबरात राष्ट्रपती राजवट आली. सहा टक्के असो की पन्नास, ज्याच्या सहीने भागीदारी झाली तो माणूस सहा महिन्यांनी खुर्चीत नसेल तर त्या सहीमागे लोक उभे आहेत असं धरून चालता येत नाही. महामंडळाने गोवा सरकारची संमती म्हणजे गोव्याची संमती असं धरलं, हा माझ्या मते या प्रकरणातला मूळ हिशेबाचा घोळ.

विरोधकांचं म्हणणं काय होतं ते जवळून बघू, कारण वर्गात बहुतेकांना ते "पर्यावरणवाले" या एका शब्दात गुंडाळायचं असतं.

गोव्याच्या नद्यांच्या मुखाकडची कितीतरी शेती समुद्रसपाटीच्या बरोबरीने, काही ठिकाणी भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. हीच खाजन जमीन. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी चिखलमातीचे आणि दगडाचे बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलं आणि बांधात मानस बसवली. मानस म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. भरतीला पाण्याच्या दाबाने तो आपोआप मिटतो, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतो. पावसाळ्यात भात, नंतर मासळी. या सगळ्याची देखभाल गावच्या सामूहिक संस्थेकडे, कोमुनिदादीकडे आणि पुढे कुळांच्या संघटनांकडे. पाण्याची वाट इतक्या बारीक हिशेबाने ठरलेली, की बांधाला भगदाड पडलं तर एका मोसमात शेत खारावतं आणि पुन्हा गोडं व्हायला वर्षं लागतात. अशा जमिनीवर रेल्वेचा उंच भराव घातला तर पाणी कुठून जाणार, हा विरोधकांचा प्रश्न होता. तो भावनेचा नव्हता, हायड्रॉलिक्सचा होता.

दुसरा मुद्दा जुन्या गोव्याच्या चर्चेसचा. १९८६ मध्ये त्या जागतिक वारसा यादीत गेल्या होत्या, आणि त्यांच्या जवळून गाड्या धडधडणार होत्या. तिसरा मये गावच्या तळ्याचा. आणि चौथा, जो कागदावर कमी आणि बोलण्यात जास्त होता : रेल्वेबरोबर बाहेरची माणसं येतील आणि आपण आपल्याच गावात थोडे उरू. विरोधकांत चर्चशी जोडलेली माणसं होती, पर्यावरण संघटना होत्या, शेतकरी होते. मार्ग पूर्वेकडच्या तालुक्यांतून, आतल्या भागातून न्या, असा पर्याय त्यांनी मांडला. रेल्वेच नको म्हणणारे मोजके. रेल्वे हवी आणि लवकर हवी म्हणणारेही गोव्यात पुष्कळ होते, त्यांचा आवाज मात्र वर्तमानपत्रात कमी यायचा. होकाराचा मोर्चा निघत नाही.

महामंडळाचं उत्तर तांत्रिक होतं आणि तांत्रिकदृष्ट्या कच्चं नव्हतं : आतला मार्ग लांब पडेल, जंगल जास्त जाईल, आणि जिथे माणसं राहतात तिथून रेल्वे दूर जाईल. पण प्रश्न होता "इथूनच का, आणि हे ठरवलं कुणी?" उत्तर मिळत होतं "आम्ही तपासलंय, हाच बरा आहे." हे उत्तर खरं असलं तरी ऐकणाऱ्याला त्यात एकच गोष्ट ऐकू येते, की ठरवून झालंय.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९९२ मध्ये याचिका फेटाळली गेली. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ११ ने रेल्वे प्रशासनाला बांधकामासाठी इतर कायद्यांच्या वर जाणारे अधिकार दिले आहेत, हा निकालातला कळीचा धागा. महामंडळ जिंकलं.

आणि पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, काम थांबलं. न्यायालयाने नव्हे, केंद्र सरकारनेच गोव्यातलं वादातलं काम थांबवलं आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्य आयोग नेमला. म्हणजे एक्कावन्न टक्क्यांच्या मालकाने सहा टक्क्यांच्या घरातला आवाज ऐकून स्वतःच्याच कंपनीचा हात धरला.

मुलं विचारतात, कोर्टात जिंकल्यावर हे कसं झालं? जिंकल्यामुळेच झालं, असं मला वाटतं. तुमचे बांध, तुमची तळी, तुमचे नियम यांच्यावरून जायचा आम्हाला कायद्याने हक्क आहे, हे निकालातून सिद्ध झालं. विरोधकांची भीती नेमकी हीच होती. निकालाने ती सरकारी शिक्क्यानिशी खरी ठरवली. ज्यांना आतापर्यंत वाटत होतं की हा रुळांच्या वळणाचा वाद आहे, त्यांनाही तो आपल्या मताला किंमत आहे की नाही याचा वाद वाटायला लागला.

आयोगाने सुनावण्या घेतल्या, आणि शेवटी महामंडळाची आखणीच कायम राहिली. मार्ग जवळजवळ होता तिथेच राहिला. मग आयोगाने काय साधलं? वर्गातले हिशेबी लोक म्हणतात, काही नाही, वेळ गेला. माझं मत उलटं आहे. गोव्यातल्या माणसाला आपलं म्हणणं मांडायला पहिल्यांदाच अशी जागा मिळाली जी महामंडळाच्या कचेरीत नव्हती. निर्णय तोच आला तरी तो महामंडळाच्या तोंडून आला नाही, आणि पुढे काम सुरू करायला तेवढं पुरलं. माझी तक्रार आयोगाच्या निष्कर्षाबद्दल नाही, तारखेबद्दल आहे. खुणेचे दगड रोवण्याआधी, १९९० च्या पावसाळ्यात तीन महिने अशीच सुनावणी घेतली असती तर? रोख्यांचं व्याज तेव्हा धावत नव्हतं. तेव्हाचा महिना स्वस्त होता, १९९३ चा महाग.

इथे थोडं स्वतःचं सांगतो, नाहीतर दुसऱ्याच्या चुका मोजणं फार सोपं असतं. एका गोदामासाठी आम्ही माल नोंदवायची नवी प्रणाली बसवत होतो. हितसंबंधी लोकांचा, म्हणजे कुणाला किती विचारायचं ते ठरवणारा, चौकोनी तक्ता मी स्वतः रंगवला होता : मालक, वित्तप्रमुख, गोदाम व्यवस्थापक, आयटी. माथाडी टोळीचा मुकादम त्यात नव्हता. सुरू झाल्यावर पंधरा दिवस स्कॅनिंग शून्य. मुकादम शांतपणे म्हणाला, "हाताला घाम असतो साहेब, मशीन निसटतं." खरं कारण दोन चहांनंतर कळलं. मशीनमुळे टोळीची रोजची पोती मोजली जाणार होती, आणि वाराईचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा, हिशेब टोळी आजवर आपसात करत होती. तो आता कुणाच्या हाती जाणार हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्याने नाही म्हटलं नाही. नुसतं मशीन निसटू दिलं. त्या तक्त्यात "फक्त माहिती देत राहा" असा एक कोपरा असतो, आणि वर्गातली मुलं गोव्याला हमखास तिथे टाकतात. मीही टाकलं असतं.

दोन्ही टोकांनी

गोवा थांबला असताना महामंडळ हात बांधून बसलं नाही, हा भाग मला या प्रकरणात सगळ्यात आवडतो. २० मार्च १९९३ ला दक्षिण टोकाला मंगळूर-उडुपी प्रवासी गाडी सुरू झाली, जूनमध्ये उत्तरेला रोहा-वीर. पुढे तुकड्या-तुकड्याने दोन्ही टोकं आत सरकत गेली. सातशे साठ किलोमीटर पुरे झाल्यावर फीत कापण्याऐवजी जेवढं तयार तेवढ्यावर गाडी. थोडंफार उत्पन्न येतं ते वेगळंच, पण मोठी गोष्ट म्हणजे कागदावरची रेल्वे डोळ्यांना दिसते. गणपतीला आलेला चाकरमानी वीरला उतरला की पुढच्या तालुक्यातला माणूस विचारतो, आमच्याकडे कधी? होकाराचा मोर्चा निघत नाही असं वर म्हटलं. त्यातल्या त्यात जवळचं काही असेल तर हे.

न बोलणारा भागीदार

उशिराचं खापर अजूनही गोव्याच्या आंदोलनावर फोडलं जातं. तारखा मात्र वेगळं सांगतात.

१९९७ पर्यंत उत्तरेकडून गाडी सावंतवाडीला पोचली होती आणि दक्षिणेकडून पेडण्यापर्यंत. खाजनातले भराव, जुवारीचा पूल, मांडवीचा पूल, सगळं ज्यावरून रण पेटलं होतं ते पुरं झालं होतं. राहिलं होतं ते मडुरे आणि पेडणे या स्टेशनांमधलं दीड किलोमीटरभर अंतर, जिथे कुणी मोर्चा काढला नव्हता. पेडण्याचा बोगदा.

याच मार्गावर रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पण तो कातळात. कातळ फोडायला स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक यंत्रं आणली होती. भोकं पाडा, सुरुंग भरा, उडवा, मलबा काढा, पुढे. कातळ कठीण असतो पण वचनाला जागतो. आज जेवढा गेला तेवढाच उद्या जाईल असा अंदाज बांधता येतो. रत्नागिरीजवळचाच पानवळचा चौसष्ट मीटर उंच पूलही तसाच : वरचा पट्टा एका टोकाला ओतायचा आणि जॅकने खांबांवरून इंच-इंच पुढे ढकलायचा. भारतात नवं तंत्र, काम जिवावरचं, पण हिशेबाचं.

पेडण्याला वर जांभा आणि खाली पाण्याने भिजलेली चिकण माती. तिथे ते यंत्र कुचकामी. हाताने थोडं उकरायचं, लगेच लोखंडी कमानी लावायच्या, सिमेंटचा फवारा मारायचा, आणि पुन्हा थोडं. पाऊस सुरू झाला की भिंतीतून पाणी, पाण्याबरोबर माती, आणि कधीकधी वरचं सगळंच खाली. कोसळलं की आधी केलेलं उपसायचं, मग नवं. आज चार फूट पुढे आणि उद्या दहा फूट मागे. दीड किलोमीटरला सहाएक वर्षं लागली.

प्रोजेक्ट मॅनेजरचं सगळं शस्त्रागार इथे बोथट होतं. मातीला मोबदला देता येत नाही. तिच्यासाठी आयोग नेमता येत नाही. आणि श्रीधरन यांची ज्यासाठी ख्याती झाली ती तारखेची शिस्त? पुढे दिल्ली मेट्रोत उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळं लोकांनी पाहिली. कातळात, पुलावर, भूसंपादनात असं घड्याळ माणसाला पळवतं. मऊ मातीच्या बोगद्यात ते धोकादायक ठरू शकतं, कारण घाईची किंमत तिथे काम करणाऱ्या माणसाला मोजावी लागते. या मार्गाच्या बांधकामात चौऱ्याहत्तर जण गेले, त्यातले एकोणीस केवळ मऊ मातीच्या बोगद्यांत. रत्नागिरी स्टेशनात त्यांचं स्मारक आहे. गाडी दहा मिनिटं थांबली तर उतरून बघावं. बहुतेक लोक वडापावच्या स्टॉलकडे जातात, मीही बरीच वर्षं तेच केलं.

टीमच्या दृष्टीने मी वर्गाला एकच प्रश्न देतो. तुम्ही पेडण्याच्या तोंडाशी उभे आहात. बाकी सहा विभागांतले तुमचे मित्र दर आठवड्याला किलोमीटर सांगताहेत, त्यांच्या भागात गाड्या धावायला लागल्या. तुम्ही फोनवर काय सांगणार? "या आठवड्यात शून्य. मागच्या आठवड्यातलं तीन मीटर परत भरलं." आणि हे वाक्य किती आठवडे सांगू शकाल, त्यात थोडं गोड मिसळायला लागण्याआधी? खोलीत शांतता होते, कारण प्रत्येकाच्या मनात आपला स्वतःचा एक पेडणे असतो : नव्वद टक्के झालंय म्हणून चार महिने सांगितलेलं एखादं मॉड्यूल. सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजणारा साहेब या विभागाला दोनच पर्याय ठेवतो, लाज किंवा खोटं. मी त्या साहेबाच्या जागी असतो तर पेडण्याला मीटर विचारलेच नसते. पाणी किती उपसलं, कमानी किती बसल्या, आणि रात्रपाळी सुखरूप बाहेर आली का, एवढंच विचारलं असतं.

१९९७ मध्ये श्रीधरन दिल्ली मेट्रोकडे गेले. पेडण्याचा बोगदा १९९८ च्या जानेवारीत पुरा झाला आणि २६ जानेवारीला मार्ग सलग झाला. १ मे १९९८ ला, महाराष्ट्र दिनी, रत्नागिरीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी तो राष्ट्राला अर्पण केला. पाच वर्षांचं काम साडेसात वर्षांत झालं. भारतातल्या सरकारी प्रकल्पांकडे बघता हा उशीर म्हणायचा की विक्रम, यावर वर्गात दरवेळी भांडण होतं आणि मी ते होऊ देतो.

खाजनातल्या भरावांवरून गाड्या आज बिनबोभाट जातात. ऑगस्ट २०२० मध्ये मात्र पेडण्याच्या बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या मिरज-लोंढ्याच्या वाटेने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ च्या पावसात त्याच बोगद्यात खालून पाणी उसळलं, मार्ग पुन्हा बंद पडला, आणि रात्रभर माणसं आत उतरून चिखल काढत होती.